पंगत उठल्यानंतरचे पाच दिवस

मे २०२२ मधली गोष्ट. निलंगा तालुक्यातल्या केदारपूरला लग्न होतं. दुपारच्या पंगतीत भात, वरण, पुरी, वांग्याची भाजी आणि गोडाचा एक पदार्थ. जेवणं उरकून काही वेळ जातो न जातो तोच लोकांच्या पोटात कळा यायला लागल्या, उलट्या सुरू झाल्या. अंबुलगा बुद्रुक, वलांडी, काटेजवळगा इथल्या आरोग्य केंद्रांत मिळून ३३०हून अधिक माणसं दाखल झाली. उपचार मिळाले, माणसं बरी होऊन घरी गेली.

शिरूर अनंतपाळ, निलंगा, देवणी ही एकमेकांच्या पंगतीला बसणारी माणसं. त्यामुळे अशी बातमी आली की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, ‘आपलं कोण होतं तिथं?’ दुसरा प्रश्न, ‘कशानं झालं?’ पहिल्याचं उत्तर तासाभरात फोनवर मिळतं. दुसऱ्याचं मिळायला दिवस जातात, आणि तोवर विचारणारेही पांगलेले असतात. सलाईन लावणाऱ्या डॉक्टरला त्या उत्तरासाठी थांबावं लागत नाही. पण पुढची पंगत सुरक्षित व्हायची असेल, तर ते उत्तर मिळालंच पाहिजे. गेली सुमारे १४० वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा हाच वेळ कमी करण्यासाठी झटत आल्या आहेत.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर पूर्वी गावाच्या शिवेवर शोधलं जायचं. पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेपार नेऊन सोडायचा. रोग एका गावातून दुसऱ्या गावात जातो, हे त्या माणसांनी नीट ओळखलं होतं. तो पाण्यातून आणि अन्नातून जातो, हे दाखवणारं साधन मात्र त्यांच्या हाती नव्हतं.

सूक्ष्मदर्शक तेव्हाही होता. अडचण वेगळीच होती. नासलेल्या मटणाचा किंवा दुधाचा एक थेंब भिंगाखाली धरला की शेकडो जंतू वळवळताना दिसत, आणि त्यातला निरुपद्रवी कोण, मारेकरी कोण हे कळत नसे. द्रवात सगळे एकमेकांत मिसळलेले. जर्मनीतल्या रॉबर्ट कॉख यांनी उकडलेल्या बटाट्याच्या कापावर जंतू पसरून पाहिले. घट्ट पृष्ठभागावर प्रत्येक जंतू पडला तिथेच वाढला आणि त्याचा वेगळा ठिपका तयार झाला. एका ठिपक्यात एकाच जातीचे जंतू. पण बटाट्यावर सगळे जंतू वाढत नाहीत, म्हणून कॉख जिलेटिन वापरू लागले. जिलेटिन पंचवीस-तीस अंशांच्या आसपासच पातळ होतं, आणि आतड्यातले जंतू तर सदतीस अंशांना वाढवावे लागतात. लातूरच्या मे महिन्यात ते जिलेटिन सकाळी नऊलाच पाणी झालं असतं.

वाट सापडली ती स्वयंपाकघरात. १८८१ साली कॉख यांच्या प्रयोगशाळेत वाल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत होते. त्यांच्या पत्नी फॅनी त्यांना कामात मदत करत, जंतूंची चित्रंही काढत. त्यांच्या घरचा मुरंबा आणि गोड वड्या भर उन्हाळ्यातही घट्ट राहत, कारण त्या त्यात अगर घालत. जावा बेटावर राहून आलेल्या एका शेजाऱ्यांकडून ही युक्ती त्यांनी लहानपणी शिकून घेतली होती. समुद्री शेवाळापासून मिळणारा हा पदार्थ आपल्याकडेही ‘चायना ग्रास’ म्हणून किराणा दुकानात मिळतो. एकदा घट्ट झाला की तो कडक उन्हातही वितळत नाही, आणि जंतूंनाही सहसा पचत नाही. कॉख यांनी १८८२च्या क्षयरोगावरच्या लेखात अगरचा उल्लेख केला, फॅनी हेसे यांचं नाव मात्र घेतलं नाही. आज जगातली जवळजवळ प्रत्येक सूक्ष्मजीव प्रयोगशाळा त्या बाईंच्या युक्तीवर चालते, आणि हे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. १८८७ मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची बशी आणली आणि सामान पुरं झालं.

दरम्यान कॉख पटकीचा माग काढत भारतात येऊन गेले होते. १८८४च्या आरंभी त्यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा पटकीचा जंतू वेगळा केला. ज्या वस्तीत साथ होती, तिथल्या तळ्याच्या पाण्यातही त्यांना तो मिळाला. लोक त्याच तळ्याचं पाणी पीत, तिथेच अंघोळ करत, कपडे धूत.

अन्नाच्या बाबतीत निर्णायक पुरावा १८८८ साली मिळाला. जर्मनीतल्या फ्रांकनहाउझेन गावात एक आजारी गाय कापली गेली आणि तिचं मांस विकलं गेलं. पन्नासहून अधिक माणसं आजारी पडली. त्यातला एक तरुण मजूर बरंच कच्चं मांस खाऊन बसला होता, तो दगावला. ऑगुस्ट गेर्टनर यांनी उरलेल्या मांसातून एक जंतू वाढवला. तोच जंतू त्यांना त्या तरुणाच्या प्लीहेतही मिळाला. ताटातला आणि शरीरातला जंतू एकच, असं ठामपणे दाखवणारी ही अगदी आरंभीची घटना. पुढे या कुळाला साल्मोनेला हे नाव पडलं. केदारपूरसारख्या घटनेत आजही हेच जुळवावं लागतं. रुग्णाच्या विष्ठेत जे आहे, ते पातेल्यातही आहे का?

मुंबई इलाख्यात या शास्त्राचा पाय रोवला गेला तो प्लेगमुळे. १८९६ साली साथ भडकली तेव्हा वाल्देमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात मिळालेल्या जागेत लस बनवू लागले. जानेवारी १८९७ मध्ये ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात गेली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतात. तिचं मुख्य काम लशींचं होतं, पण तिच्यामुळे काचेच्या बशीत जंतू वाढवून ओळखणारी माणसं इकडे तयार झाली. शहराच्या अन्नाकडे पाहणारे होते महापालिकेचे विश्लेषक. त्यांपैकी डॉ. लेम्युएल लुकास जोशी यांनी १९१६ साली भारतीय शहरांतल्या, विशेषतः मुंबईतल्या दुधाच्या प्रश्नावर इंग्रजीत एक आख्खं पुस्तक लिहिलं. दुधातलं पाणी मोजणं त्या काळी रूढ झालं होतं. दूध किती स्वच्छ आहे हे मोजणं मात्र नवं होतं.

ते मोजणं सोपं केलं आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी. इंग्लंडमधल्या सांडपाण्याच्या चौकशीसाठी काम करताना त्यांना एक साधी गोष्ट सुचली. आतड्यात राहणाऱ्या जंतूंना पित्ताची सवय असते. तेव्हा अगरमध्ये पित्तक्षार घातले की बाकीचे बरेच जंतू मागे पडतील. त्यात दुधातली साखर आणि एक रंग मिसळला. ही साखर आंबवणारे जंतू गुलाबी ठिपके देतात. टायफॉइड, हगवण आणि साल्मोनेलाचे बहुतेक जंतू ती आंबवत नाहीत, त्यांचे ठिपके बिनरंगी राहतात. १९०५ मध्ये ही कृती पक्की झाली. बशीकडे नुसतं पाहून संशयितावर बोट ठेवता येऊ लागलं. लातूर-नांदेडच्या कुठल्याही कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींनी या बशा हाताळलेल्या असतात.

पण प्रत्येक विषबाधेत जंतू जिवंत सापडतोच असं नाही, हा धडा काही संशोधकांनी स्वतःच्या पोटावर घेतला. १९१४च्या सुमारास फिलिपिन्समध्ये एम. ए. बार्बर यांना एका गोठ्यातल्या दुधाने वारंवार उलट्या होत. त्या गाईच्या सडांना सूज होती. ताजं दूध बाधत नसे, गरम हवेत काही तास राहिलेलं बाधे. बार्बर यांनी ते पुन्हा पिऊन पाहिलं आणि पुन्हा आजारी पडले. दुधात वाढलेला स्टॅफिलोकोकस एक विष तयार करत होता. १९३० मध्ये शिकागोत गेल डॅक यांनी एका केकच्या बाबतीत तेच दाखवलं. १९५५ साली नॉर्वेचे स्टाइनार हाउगे यांनी व्हॅनिला सॉसमधला बॅसिलस सीरियस वाढवून, तसा सॉस स्वतः पिऊन जुलाबांनिशी खात्री करून घेतली. हा जंतू उकळण्यालाही दाद न देणारी बीजं धरतो. शिजवून मोठ्या पातेल्यात कोमट राहिलेल्या भातात ती बीजं उगवतात, आणि त्याचे काही प्रकार उलटीचं विष भातातच तयार करतात.

स्टॅफिलोकोकसचं विष आणि भातातलं हे उलटीचं विष, दोन्ही पुन्हा उकळल्याने जात नाहीत. आचारी पातेलं पुन्हा चुलीवर चढवतो, जंतू मरतात, विष राहतं. अशा अन्नाची बशी प्रयोगशाळेत कोरी निघू शकते, आणि कोरी बशी पाहून अन्न निर्दोष ठरवलं तर तो अन्याय होतो. म्हणून विष थेट पकडणाऱ्या चाचण्या लागल्या. १९७१ मध्ये स्टॉकहोमच्या एव्हा एंगव्हाल आणि पेटर पर्लमान यांनी प्रतिपिंडांच्या आधारे रंग उमटवणारी एलायझा पद्धत मांडली. पुढे ती स्टॅफिलोकोकसच्या विषासाठीही वापरात आली. केदारपूरला नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नाही, पण जेवणानंतर थोड्या वेळात उलट्या सुरू झाल्या की तपासणाऱ्याने या विषांचा विचार आधी करायचा असतो.

दूध आमच्या भागाचा जिव्हाळ्याचा विषय. देवणी गाय इथली, उदगीरचा दूध भुकटी प्रकल्प एके काळी सगळ्यांच्या तोंडी होता, आणि पशुवैद्यक व दुग्धतंत्रज्ञान ही दोन्ही महाविद्यालयं उदगीरला आहेत. दुधाची सगळ्यांत साधी जिवाणू चाचणी मेथिलीन ब्लू या निळ्या रंगाची. परीक्षानळीत दूध घ्यायचं, मोजका रंग घालायचा, नळी सदतीस अंशांच्या पाण्यात ठेवायची. जंतू जितके जास्त, तितक्या लवकर निळा रंग उडून दूध पांढरं होतं. पाच तास रंग टिकला तर कच्चं दूध फार चांगलं, अर्ध्या तासात उडाला तर वाईट. खर्च जवळजवळ नाही, आणि शाळकरी मुलालाही निकाल वाचता येतो. उणीव एकच, पण ती मोठी. जंतू किती ते कळतं, कोणते ते कळत नाही. निळं राहिलेल्या दुधातही साल्मोनेलाचे चार-दोन जंतू असू शकतात.

ते चार-दोन शोधणं हाच सगळ्यांत अवघड भाग, आणि त्याचा धडा दूध भुकटी आणि अंड्याच्या भुकटीने शिकवला. भुकटी करताना उष्णतेने बहुतेक जंतू मरतात. काही अर्धमेले उरतात. अशा दुबळ्या जंतूला थेट पित्तक्षाराच्या बशीवर टाकलं तर तो तिथेच मरतो, आणि अहवालात ‘आढळला नाही’ असं येतं. तीच भुकटी बाळाच्या बाटलीत गेली की त्याला पाणी, ऊब आणि खाद्य मिळून तो पुन्हा उभा राहतो. १९६१ मध्ये डब्ल्यू. आर. नॉर्थ यांनी अंड्याच्या भुकटीसाठी आधी सौम्य द्रवात जंतूला सावरू देण्याची पायरी सुचवली. १९६५-६६ मध्ये अमेरिकेत दूध भुकटीतून साल्मोनेलाची साथ झाली. रुग्ण थोडे होते, पण डझनाहून अधिक राज्यांत विखुरलेले. त्यानंतर या पायरीचं महत्त्व सगळ्यांना पटलं.

तेव्हापासून साल्मोनेलाच्या शोधाचा क्रम बसला. २५ ग्रॅम अन्न सौम्य पेप्टोन पाण्यात एक रात्र. मग त्यातलं थोडं, इतर जंतूंना दाबणाऱ्या कडक द्रवांत एक दिवस. मग बशांवर एक दिवस. मग संशयित ठिपक्यांच्या रासायनिक आणि रक्तजल चाचण्या. पाच दिवस सहज जातात. आजारी माणसाला इतर आजारांप्रमाणे यातही घाई असते, पण आधीच्या घाईनेच ‘आढळला नाही’ असे खोटे दिलासे दिले होते. मला हे पाच दिवस म्हणूनच प्रयोगशाळेची सुस्ती वाटत नाहीत.

आपल्या कायद्याची नजर मात्र बराच काळ दुसरीकडे होती. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४चा, तो १ जून १९५५ला लागू झाला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. या कायद्याचा मुख्य शत्रू भेसळ करणारा व्यापारी. दुधात पाणी, तुपात वनस्पती, हळदीत रंग. त्या काळची ती खरी गरज होती, यात शंका नाही. पण दुधाचा नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकावा म्हणून नियमानेच त्यात फॉर्मेलिन घालायला सांगितलं होतं, २५ मिलिलिटरला दोन थेंब. स्निग्धांश मोजायला नमुना शाबूत राही, आणि त्यातले सगळे जंतू मरून जात. त्या बाटलीला रोगजंतूबद्दल काही विचारायचीच सोय नव्हती. साक्षीदाराला कोर्टात आणण्यापूर्वीच त्याचं तोंड बंद व्हावं, तसं हे होतं.

फॉर्मेलिन टाळलं तर दुसरा प्रश्न उभा राहतो. बरे वाढणारे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सात तासांत एकाचे वीस लाख. उन्हाळ्यात गाव ते जिल्हा आणि पुढे पुणे असा प्रवास बर्फाविना झाला, तर अहवाल पंगतीचा नसतो, प्रवासाचा असतो. २००६चा अन्नसुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून प्रत्यक्षात आला आणि रोगजंतूंच्या मर्यादा ठळकपणे कायद्याच्या चौकटीत आल्या. अनेक पदार्थांसाठी २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला अजिबात नको. अन्न विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून चौदा दिवसांत अहवाल द्यायचा, हेही त्यात आहे. पण नमुना मिळायचा कुठून? जेवणं झाली की आपल्याकडे बायका पातेली घासून पालथी घालतात आणि उरलेलं अन्न जनावरांपुढे जातं. स्वच्छतेची ही चांगली सवय तपासाच्या मुळावर येते. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवायची, एवढं प्रत्येक आचाऱ्याने केलं, तर मोठ्या यंत्राइतकंच काम त्या वाटीने होईल.

यंत्रांच्या जगात १९८३ हे वळण. कॅरी म्युलिस यांना पीसीआरची कल्पना सुचली. जंतूच्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा नळीत तापवत-गार करत काही तासांत कोट्यवधी पटींनी वाढवायचा. १९९३ साली त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी अमेरिकेत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधून ७००हून अधिक लोक आजारी पडले, चार मुलं गेली. तो ई. कोलायचा ओ१५७ हा प्रकार. मॅकॉन्कींच्या बशीवर तो साध्या ई. कोलायसारखाच गुलाबी दिसतो. त्याला वेगळं दाखवण्यासाठी १९८६ मध्येच बशीतली दुधाची साखर काढून सॉर्बिटॉल घालण्याची युक्ती पुढे आली होती. १९९६ पासून अमेरिकी प्रयोगशाळा जंतूंचे जनुकीय ठसे एकमेकींशी ताडून पाहू लागल्या. गेर्टनर यांनी एका गावात जे जुळवलं, ते आता हजारो मैलांवर जुळू लागलं.

हे तंत्र आमच्या दारात आलं ते दुसऱ्याच संकटाच्या पाठीवर बसून. २०२० मध्ये लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि नांदेडला करोनाच्या चाचण्या सुरू झाल्या. ‘आरटीपीसीआर’ हा शब्द शिरूरच्या बाजारात भाजी घेताना कानी पडू लागला. ती यंत्रं आणि ती शिकलेली मुलं इथेच आहेत, मग पंगतीतल्या अन्नासाठी ती का वापरू नयेत, असं मला कळकळीने वाटतं. अर्थात नाकातला स्राव आणि वांग्याची भाजी यांत फरक आहे. तेल, दुधातलं कॅल्शियम, मसाल्यातली द्रव्यं पीसीआरच्या विकराला अडवतात. आमच्या काळ्या मसाल्यातली लवंग आणि दालचिनी तर जंतूची वाढच रोखतात. असे मसाले तपासताना नमुना दहापटीऐवजी शंभरपट किंवा त्याहूनही अधिक पातळ करतात, नाहीतर मसालाच जंतूला लपवतो. शिवाय पीसीआरला मेलेल्या जंतूचंही गुणसूत्र सापडतं. आणि २५ ग्रॅममधला एकच जंतू नळीत घेतलेल्या थेंबात येईलच असं नाही. म्हणून तो आधी वाढवावाच लागतो. पाच दिवसांचे दीड-दोन दिवस होतात. त्याखाली सहसा येता येत नाही.

६ फेब्रुवारी २०२४, एकादशीचा मंगळवार. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीला धार्मिक कार्यक्रम होता. सावरगाव, पोस्टवाडी, रिसनगाव, मस्की अशा आसपासच्या गावांतून माणसं संध्याकाळी पाचच्या सुमारास जमली, प्रसाद घेऊन घरी गेली. पहाट उजाडायच्या आत उलट्या-जुलाब सुरू झाले. आधी दीडशे जण लोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखल झाले. मग आकडा दोन हजारांच्या घरात गेला आणि ८७० जणांना नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयासह ठिकठिकाणी दाखल करावं लागलं. आरोग्य पथकं गावोगाव फिरली, रुग्णांचे नमुने घेतले गेले.

अशा वेळी प्रसादातली एखादी वाटी कुणाच्या घरी झाकून राहिलेली असली आणि ती बर्फात प्रयोगशाळेपर्यंत पोचली, तर पहिलं काम आजही तेच असतं. निर्जंतुक पिशवीत २५ ग्रॅम अन्न वजन करून घ्यायचं, त्यावर २२५ मिलिलिटर पेप्टोन पाणी ओतायचं, पिशवी चांगली घुसळायची, सदतीस अंशांच्या कपाटात ठेवायची आणि सकाळ होऊ द्यायची.